रकाना सातवा

अर्ज भरायचा म्हणून
दुपारी लेथ बंद केली.
पत्र्यावर सेलूचं ऊन वाजत होतं,
जिनिंगची फुकटी नाकातोंडात,
आणि माझ्या बोटांचं ग्रीस
पहिल्याच पानावर उमटलं.

रकाना दुसरा : उपकरणाचे नाव.
‘हस्तप्रसारक मनगटपट्टी’.
पोरीनं सुचवलं, ती बारावीला आहे.
आम्ही त्याला पंजा म्हणतो.

पंजा म्हणजे
लुनाची क्लच-वायर, पाच तुकडे,
मोडक्या छत्रीच्या पाच काड्या,
शिलाई मशीनच्या नखाएवढ्या स्प्रिंगा,
आणि उस्मानभाईंनी चपलांतून वाचवलेलं चामडं.

प्रयागमावशी कासारीण.
गेल्या पौषात दुकान उघडता उघडता
उजवी बाजू गेली.
कुलपाची किल्ली मुठीतच राहिली,
सोडवायला दोन माणसं लागली.
मूठ तेव्हापासून मिटलेली.

ह्याच हातानं तिनं
निम्म्या सेलूचे पंजे चेपले.
नवऱ्यांचे, बाळंतिणींचे,
कापूस वेचून भेगाळलेले.
‘सैल सोड गं, हात सैल सोड,’
आणि बांगडी कधी चढली
कळायचंच नाही.
आता परभणीच्या फरहीन मॅडम
तिला तेच सांगतात, सैल सोडा.
मूठ ऐकत नाही.

पहिला पंजा मी व्हर्नियरनं मनगट मोजून केला.
चढलाच नाही.
दुसरा चढला, आणि कोपरापर्यंत गेला.
तिसऱ्यानं कातडीवर निळे वळ उठवले.
भंगारात टाकणार होतो.

मावशी हसली, अर्ध्या तोंडानं,
उरलेलं अर्धं अजून हसत नाही.
‘मनगट काय मोजायलास बाबा?
मनगट कुणाचंबी बारीकच असतंय.
अडतंय कुठं, ते मोज.’

डाव्या हातानं तिनं माझा पंजा धरला,
अंगठा तळव्यात दुमडला,
त्याच्या बुडाशी असलेलं हाड चेपत राहिली
आणि बेअरिंगची एक कडी उचलून
सरळ माझ्या हातात चढवली.
पंचवीस वर्षं लोखंडात राहिलेला हात,
कणकेसारखा गेला आत.
‘दोन-सहा,’ म्हणाली. ‘तुझं माप.’

म्हणून पंजात बिजागरी आता अंगठ्याच्या बुडाशी आहे.
म्हणून त्याची मापं लहान, मध्यम, मोठं अशी नाहीत.
दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ.
कुठल्याही बाईला विचारा, तिला माहीत असतं.

रकाना सातवा : आजवर जे उपलब्ध आहे
त्याहून यात नवीन काय?

मॅडमनी मोबाइलवर दाखवला होता एक,
परदेशी, पांढराशुभ्र, बॅटरीवाला.
बोटं किती वेळा उघडली ते तो स्वतः मोजतो.
माझ्या लेथहून महाग.
आमचा मोजत नाही.
मावशी मोजते :
बोटं एकदा उघडली की
ह्या काठीवरची बांगडी त्या काठीवर.
डझन झालं की चहा.

‘स्वस्त आहे’ लिहिलं. खोडलं.
‘वीज लागत नाही’ लिहिलं.
राहू दिलं, इथं वीज जातेच.
पुढं सुचेना.

मग पान उलटून परत रकाना पहिला.
शोधकर्त्याचे नाव : एकच ओळ,
आणि ती मी सकाळीच
घोटून घोटून भरलेली.
पट्टी घेतली, खाली दुसरी ओळ आखली.

‘सही येती मला,’ मावशी म्हणाली,
‘पण डाव्यानं करायची नाही.
पंजा घाल.’

तार ताणली.
तर्जनी आली, मधलं आलं,
करंगळी आपली आपण.
अंगठा सगळ्यात शेवटी,
गंजलेल्या शटरसारखा, अडत, थांबत.
पेन काही धरता येईना.
बाकावरच्या काळ्या तेलात तिनं अंगठा टेकवला
आणि ओळीवर दाबला.
निम्माच उठला.

‘चालंल का रे?’
कारकून बहुतेक परत पाठवील.
चालंल, म्हणालो.

पंजा तिनं काढू दिला नाही.
कमरेची किल्ली बाकावर ठेवली.
उचलली. पडली.
उचलली. परत पडली, लेथखाली गेली,
मी वाकून काढून दिली.
‘हे धरू नको मोजण्यात,’ म्हणाली,
आणि उचलली.